दाखल्यावरचे रकाने : हायस्कूलचे नियम आणि आपले पालक

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेने आम्हाला विषय दिला तो 'हायस्कूलचे नियम आणि पालक' असा. आम्ही शिक्षक नाही की वकील नाही. बी.ए. झालो, बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि काउंटरच्या मागे बसून लोकांचे कागद पाहत आलो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एवढेच की शाळेत चुकलेला कागद शेवटी आमच्या काउंटरवर येऊन अडतो. मुलीची शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून आई रजा टाकून येते, आम्ही संगणक बघतो, आणि लक्षात येते की शाळेत नाव एक, आधारकार्डावर दुसरे आणि पासबुकात तिसरे. त्या माऊलीला वाटते बँकेने पैसे अडवले. पैसे अडलेले असतात ते पाच वर्षांपूर्वी शाळेच्या ऑफिसात कोणीतरी घाईने लिहिलेल्या एका ओळीपाशी.

म्हणून आज आम्ही मार्क, अभ्यास, क्लास यांच्याविषयी बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते शाळेच्या रजिस्टरविषयी.

साताऱ्याच्या राजवाडा परिसरातील सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर नंबर १९१४. नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या नोंदीचा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण दरवर्षी तो साजरा करतो, फोटोला हार घालतो. पण त्या दिवशी घडले काय, याचा विचार केला तर एका वडिलांनी आपल्या मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात नीट लिहवून घेतले, इतकेच घडले. सुभेदार रामजी हे लष्करातील शाळेत शिक्षक राहिलेले गृहस्थ, त्यांना लिहिलेल्या कागदाची किंमत माहीत होती. मुलाला वर्गात वेगळे बसावे लागले, पाण्याला हात लावता आला नाही, हे सगळे आपण जाणतो. पण रजिस्टरात नाव होते, म्हणून त्याला वर्गाबाहेर काढता आले नाही.

आपल्या कोल्हापूरचे उदाहरण तर घरचेच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला. प्राथमिक शाळा गावात नेता येते, परंतु हायस्कूल तेव्हा शहरात. आजऱ्याच्या, भुदरगडच्या पोराने कोल्हापुरात राहायचे कुठे? त्यासाठी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. महाराजांचा हिशेब सरळ होता. कायदा, दंड, खोली आणि जेवण, ही सगळी सोय सरकारने करायची, मूल दारापर्यंत आणण्याचे काम पालकाचे. आज दंड नाही, पण पालकाचे काम मात्र कमी झालेले नाही. उलट कागद वाढल्यामुळे ते वाढले आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या खेड्यांतून जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत असते. मग मूल शेजारच्या गावच्या किंवा तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जाते. जाताना जुन्या शाळेचा दाखला घेऊन जाते. त्या दाखल्यावरून नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नोंद होते. त्या नोंदीवरून दहावीचा फॉर्म, दहावीच्या फॉर्मवरून बोर्डाचे प्रमाणपत्र, आणि त्यावरून पुढे पासपोर्टापासून पेन्शनपर्यंत सगळे. म्हणजे चौथीच्या गुरुजींनी उकाराचा आकार केला असेल तर तो आकार साठाव्या वर्षापर्यंत सोबत राहतो. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते की वरील माहिती शाळेतील रजिस्टरप्रमाणे आहे. म्हणजे दाखला ही नक्कल, अस्सल ते रजिस्टर. दाखला घरी नेऊन पेनाने दुरुस्त करणारे महाभाग आम्ही पाहिलेले आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की असे कधीही करू नका. खाडाखोड केलेला दाखला खोटा ठरतो आणि कारवाई होते ती आपल्यावर.

आमच्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. त्या सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या असे नाही. मूल शाळेत आणले, जन्माचा दाखला नाही, गुरुजींनी उंची पाहिली आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहिले. मग सरकारी खात्यांतून ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांग लागली. आपण त्यावर हसतो, पण त्यात काहींची नोकरीची दोन-दोन वर्षे गेली. आज ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जन्मनोंद होते. ती काढून आणा आणि शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा. एक लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे प्रवेश आधी घ्या, पण पुरावा मिळवण्याचे काम लांबवू नका.

दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. माहेर निपाणीला, चिकोडीला असले तर मुलाचे जन्मस्थळ कर्नाटक लागते. त्यात गैर काही नाही, जन्म झाला तेथेच झाला असे लिहावे. पण पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी प्रश्न उभा राहतो तो वडिलांकडच्या मूळ गावाचा. म्हणून वडिलांच्या, आजोबांच्या वास्तव्याचा पुरावा घरी जपून ठेवावा. सीमाभागातील शाळेतून मूल इकडे आणायचे असेल तर तेथील दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आधी घ्यावी, म्हणजे पुन्हा एस.टी.ने खेप पडत नाही.

आता धर्म आणि जात या दोन रकान्यांविषयी. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आपल्या समाजात सर्वांत जास्त घोटाळा येथे आहे, आणि सर्वांत जास्त भावनाही येथेच आहेत.

आमच्या माहितीतील एका घराची गोष्ट सांगतो. आजोबांचा शाळेचा उतारा १९४०च्या दशकातला, त्यावर जात 'महार'. वडील १९६०च्या दशकात शाळेत गेले, त्यांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. धाकटे चुलते १९७०च्या दशकातले, त्यांच्यावर 'हिंदू महार'. आणि नातवाच्या दाखल्यावर धर्म 'बौद्ध', जातीच्या रकान्यातही 'बौद्ध'. एकाच घराच्या चार नोंदी, चार तऱ्हेच्या. यात कोणी खोटे बोलले नाही. प्रत्येक नोंदीमागे त्या त्या वेळचा इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी अभिमानाने बौद्ध म्हणून नाव सांगितले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. परंतु केंद्राच्या यादीत धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान नव्हते. त्यामुळे केंद्राच्या नोकरीची आशा असलेल्या काही कुटुंबांनी मुलांच्या नावापुढे पुन्हा 'हिंदू' लावले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, पोटाचा प्रश्न होता. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हापासून 'हिंदू' लिहिण्याची काही गरज उरली नाही.

मग आता लिहायचे काय? धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जात. दोन रकाने, दोन वेगळी उत्तरे. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर प्रांत कार्यालयात विचारणा होते, कारण बौद्ध हा धर्म आहे, अनुसूचित जातींच्या यादीत ते नाव नाही. रकाना कोरा सोडला तरी तीच अडचण.

हे ऐकताना काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते आहे, आणि ती आम्हाला समजते. जी जात आपण टाकून दिली ती लेकराच्या कागदावर पुन्हा का लिहायची? आमच्याच घरी हा वाद झालेला आहे. आमचे मत असे की तो रकाना आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी नाही. आपल्या पूर्वजांवर काय अन्याय झाला आणि त्याची भरपाई म्हणून घटनेने कोणता हक्क दिला, त्या हक्काचा तो पुरावा आहे. आपण कोण आहोत हे सांगायला त्याच्या वरचा धर्माचा रकाना आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. पण त्यांनी निर्णय स्वतःच्या नोंदीपुरता घ्यावा, आठवीतल्या नातीच्या नोंदीवर घेऊ नये. तिला पुढे काय लागेल हे तिला अजून कळत नाही.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागतात. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या तारखेचा आहे, म्हणून ती तारीख. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. गेले नसतील तर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि वतनाची जुनी कागदपत्रे कामाला येतात. आपल्या लोकांना वतनी जमिनीचा कागद म्हटला की वेठबिगारीची आठवण होते आणि तो फाडून टाकावासा वाटतो. फाडू नका. ज्या कागदाने आजोबाला राबवले, तो आज नातवाला कॉलेजात बसवतो.

२००० सालचा जात प्रमाणपत्राचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून महाराष्ट्रात लागू आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. दाखला प्रांताधिकारी देतात, पडताळणी जिल्हा समिती करते. ज्यांना बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीकडे जायचे आहे त्यांनी अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करावा. वडिलांची किंवा चुलत्यांची पडताळणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र जोडावे, काम पुष्कळ हलके होते.

चूक सापडली तर दुरुस्त कधी करायची? मूल शाळेत असताना. हे वाक्य विद्यार्थी मित्रांनी वहीत लिहून घ्यावे. माध्यमिक शाळा संहितेत २६.३ आणि २६.४ अशी कलमे आहेत. मूल शाळेत शिकत असेपर्यंत नाव, जन्मतारीख, जात यांतील दुरुस्तीसाठी पालकाने मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज करायचा, मुख्याध्यापक तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि त्यांच्या मंजुरीने रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर मात्र दार जवळजवळ बंद होते. उघड दिसणारी लेखनातील चूक असेल तेवढीच, तीही परवानगीने, दुरुस्त होऊ शकते. बाकीच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते. आठवी-नववीत दोन हेलपाट्यांत होणारे काम पुढे दोन वर्षांचे होते.

आडनाव बदलणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. आपल्या जिल्ह्यात आपल्या समाजात कांबळे किती आहेत हे सांगायला नको. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, आणि वडिलांचे नावही तेच असलेले दोन-तीन विद्यार्थी असतात. जुन्या काळी शिष्यवृत्तीचा चेक कोणत्या राहुलचा हे मुख्याध्यापकांना वर्गात जाऊन विचारावे लागे. म्हणून काहींनी गावावरून आडनाव घेतले. हरकत नाही. पण राजपत्रात नाव छापून आले म्हणजे सगळीकडे आपोआप बदलले असे होत नाही. राजपत्राची प्रत घेऊन शाळा, आधार, रेशनकार्ड आणि बँक, चारही ठिकाणी जावे लागते. तीन ठिकाणी जाऊन चौथे राहिले तर पूर्वीपेक्षा अवस्था वाईट.

दहावीच्या परीक्षेपूर्वी बोर्डाकडून शाळेत विद्यार्थ्यांची प्री-लिस्ट येते. आपले कोल्हापूर विभागीय मंडळ कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे आहे. एवढ्या मोठ्या गर्दीत तुमच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तपासायला बोर्डाला वेळ नाही. ते तुम्ही तपासायचे आहे. मुले मैत्रिणीशी बोलत बोलत सही करून मोकळी होतात. तो कागद परीक्षेच्या पेपरइतकाच मनापासून वाचा. आईचे नावही नीट पाहा. ते प्रमाणपत्रावर छापले जाते आणि बहुतेक वेळा चुकते ते तेच, कारण घरी हाक मारायचे नाव एक आणि आधारवरचे दुसरे.

आता फी आणि प्रवेश. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा तो हक्क आहे. प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही, कलम १७ प्रमाणे मारता येत नाही की मानसिक छळ करता येत नाही. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवून ठेवता येत नाही. हे सर्व उत्तम. पण पालकांनी 'आठवीपर्यंत' हा शब्द नीट ऐकावा.

खाजगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांवर ज्यांच्या मुलांचा नंबर लागतो ते पेढे वाटतात. आठ वर्षे फी नसते. नववीच्या जूनमध्ये शाळा पूर्ण फीची पावती हातात ठेवते आणि बाप आमच्याकडे कर्ज मागायला येतो. शाळेने फसवले असे त्याला वाटते, पण तो कायदाच तेथे संपतो. यावर उपाय एकच, सातवीतच विचार सुरू करणे. नववीला त्याच शाळेत ठेवायचे की अनुदानित हायस्कूलमध्ये घालायचे, हे आधी ठरवावे. अनुदानित हायस्कूल म्हणजे दुय्यम असा एक समज अलीकडे आपल्यातही पसरला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पुष्कळ अनुदानित शाळांतील शिक्षक हे पदवी, बी.एड. आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेले आहेत. बूट-टायवरून शाळा पारखू नये. बाहेरगावी राहून शिकायची वेळ आली तर समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, आणि सहावी ते दहावीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे. तो अहिल्याबाई होळकर योजनेत मिळतो.

विनाअनुदानित शाळा फी वाढवू पाहत असेल तर तेथेही पालक अगदीच निराधार नाहीत. शुल्क विनियमनाचा २०११चा कायदा सांगतो की शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन झाला पाहिजे, कार्यकारी समितीतील पालक इच्छुकांमधून सोडत काढून घेतले पाहिजेत आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे आला पाहिजे. अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आता आम्ही येथे बसलेल्यांना विचारतो, या समित्यांवर आपल्यापैकी कितीजण आहेत? हात वर करण्याची आवश्यकता नाही. सभेची सूचना मुलाच्या डायरीत येते, आपण सही करतो आणि कामावर जातो. रोजंदारीचा दिवस बुडवणे परवडत नाही हे खरे आहे. मग घरातील एकाने तरी, मावशीने, काकाने जावे. सभेत बोलता आले नाही तरी चालेल, बसलेला माणूस दिसला पाहिजे.

आठवीपर्यंत नापास करीत नाहीत या भरवशावर मुले राहिली होती. २०१९ साली केंद्राने तो कायदा बदलला आणि महाराष्ट्राने २०२३ साली नियम केला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न जमल्यास त्याच वर्गात. आणि बोर्डाच्या परीक्षेला बसायचे तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. लग्नसराईत, ऊसतोडीच्या हंगामात, घरकामासाठी मुलीला घरी ठेवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आजारपण असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. दहावीला एक-दोन विषय राहिले तर वर्ष वाया गेले असे समजून मुलाला गवंड्याच्या हाताखाली पाठवू नका. जुलैत पुरवणी परीक्षा होते, दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीने अकरावीला बसता येते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म आहे. त्या फॉर्मवर दहावी होऊन पुढे पदवीधर झालेले लोक आपल्या वस्त्यांत आहेत.

तक्रारीविषयी थोडे. शाळेत जातीवरून बोलले, मुलीला त्रास झाला, तर प्रथम मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे तारीख, सही, शिक्का. आमच्या धंद्यात पोच नसलेल्या स्लिपला कोणी विचारत नाही, तसेच ऑफिसातही आहे. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. २०१७च्या आदेशाप्रमाणे शाळेत तक्रारपेटी असली पाहिजे, २०२२च्या निर्णयाप्रमाणे सखी-सावित्री समिती असली पाहिजे. मुलांनी स्वतः फोन करायचा असेल तर १०९८ हा नंबर आहे. मुलीने काही सांगितले तर 'तूच नीट राहा' असे म्हणून तिला गप्प करू नये, ही आयांना आमची कळकळीची विनंती.

शेवटी आमच्या काउंटरकडे येतो. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, अकरावीपासून भारत सरकारची शिष्यवृत्ती, दहावीला पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत दरमहा तीनशे रुपयांची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती, आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षा पास झाल्यास नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये, हे सगळे पैसे आता थेट खात्यात येतात. पण कोणत्या खात्यात? तुम्ही फॉर्मवर जो नंबर लिहिला त्यात येतीलच असे नाही. आधारशी जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले त्यात येतात. मुलाने मध्येच मोबाईलवरून दुसऱ्या बँकेचे खाते काढले आणि संमतीचे बटण दाबले, तर पैसे तिकडे जातात. शाळा म्हणते पाठवले, तुमचे पासबुक म्हणते आले नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात.

दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. म्हणून वर्षातून एकदा शंभर रुपये भरा, काढा. अठरा वर्षे पूर्ण झाली की अज्ञानाचे खाते सज्ञानाचे करावे लागते, नवी सही, नवे कागद द्यावे लागतात. हे वय नेमके बारावी किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षी येते, जेव्हा पैशाची खरी गरज असते. वाढदिवसाच्या आठवड्यातच बँकेत या. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रात रांगेत उभे राहाल, एप्रिलमध्ये गेलात तर बसायला खुर्ची मिळेल. आणि शिष्यवृत्ती आली की ती मुलाची आहे हे वडिलांनी लक्षात ठेवावे. त्या पैशातून मोटारसायकलचा हप्ता गेलेला आम्ही पाहिला आहे, अधिक बोलत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा थांबतो. ज्यांनी मुलांचे दाखले सोबत आणले आहेत त्यांनी चहा झाल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. आम्ही आणि संस्थेचे दोन निवृत्त शिक्षक सहा वाजेपर्यंत तेथे बसणार आहोत. दाखला, आधारकार्ड आणि पासबुक असे तीन कागद शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि ते दोन रकाने पाहून देऊ. दुरुस्तीच्या अर्जाचे कोरे नमुने आणले आहेत. मूळ कागद कोणाकडेही सोडून जाऊ नका, आमच्याकडेही नाही. झेरॉक्स द्या.

जयभीम.